चेंडू हातात नसलेली ३६ मिनिटं

बास्केटबॉलचा सामना ४० मिनिटांचा. १० मिनिटांचे चार क्वार्टर, मैदानावर दोन्ही संघांच्या मिळून दहा जणी आणि चेंडू एक. भागाकार केला तर पूर्ण वेळ खेळणाऱ्या मुलीच्या हातात सरासरी ४ मिनिटं चेंडू येतो. चेंडू पुढे नेणाऱ्या गार्डच्या वाट्याला जरा जास्त, रिंगजवळ खेळणाऱ्या सेंटरच्या वाट्याला कमी. उरलेली ३६ मिनिटं ती चेंडूशिवाय खेळते. कॉलेजात मी गार्ड होते आणि चेंडूवरच्या त्या थोड्या मिनिटांसाठी जीव टाकायचे. आज कॉलेजच्याच मुलींना शिकवते आणि माझं जवळजवळ सगळं काम उरलेल्या ३६ मिनिटांत चालतं. मधल्या काळात काय काय घडलं ते लिहावंसं वाटलं, कारण खेळ थांबल्यावर पुढे काय, हा प्रश्न शेवटच्या वर्षाच्या मुली मला दरवर्षी विचारतात.

कॉलेजच्या संघात मला घेतलं ते वेगामुळे. ८ सेकंदांच्या आत चेंडू मध्यरेषेपलीकडे न्यायचा, बोटांनी सेट, म्हणजे ठरलेली चाल, दाखवायचा, पहिला पास द्यायचा, ही कामं मला मनापासून आवडायची. दुसऱ्या वर्षी माझ्याच जागेवर खेळणारी एक सीनियर ताई जबरदस्त फॉर्मात आली आणि मी बरेचसे सामने बाकावरून पाहिले. आमचे सर बाकावरच्या मुलींना गप्प बसू देत नसत. समोरची गार्ड चेंडू घेऊन निघाली की मैदानावरची नजर न हलवता ते विचारायचे, "आता काय करणार ती? बोला लवकर." चेंडू मध्यरेषा ओलांडायच्या आत उत्तर द्यावं लागे.

"उजवीकडून स्क्रीन येणार, सर."

"कशावरून?"

त्या प्रश्नाला उत्तर देणं खरं अवघड. पण रोज विचारल्यावर डोळे शोधायला लागतात. सेंटर स्क्रीन लावायला, म्हणजे बचाव करणारीच्या वाटेत आडवी उभी राहायला, वर येणार असेल तर ती आधी गार्डकडे एक नजर टाकते. कोपऱ्यातली शूटर गुडघे वाकवून, हात छातीशी आणून उभी राहिली की सेट तिच्यासाठी आहे. आपल्या गार्डचा श्वास लागलाय हे ती ड्रिबल करताना पाठ वळवायला लागली की कळतं. बाकावर बसणं तेव्हा मला फार लागायचं. तरी माझ्या प्रशिक्षणाचं पहिलं वर्ष कुठलं असं कुणी विचारलं तर मी तेच वर्ष सांगते.

शेवटच्या वर्षाचा शेवटचा सामना झाला तेव्हा मी २२ वर्षांची होते. शरीर कधी नव्हे इतकी साथ देत होतं, खेळ आत्ता कुठे कळायला लागला होता, आणि खेळायला जागाच उरली नव्हती. जगभरातल्या बहुतेक मुलींचं असंच होतं. सगळ्यात नावाजलेली महिला लीग म्हणजे अमेरिकेतली डब्ल्यूएनबीए. तिचे सामने १९९७ मध्ये सुरू झाले. २०२४ पर्यंत कित्येक वर्षं तिथे १२ संघ होते आणि एका संघात जास्तीत जास्त १२ खेळाडू, म्हणजे सगळ्या मिळून १४४ जागा. २०२५ मध्ये तेरावा संघ आला. युरोप, ऑस्ट्रेलिया, चीन इथेही चांगल्या लीग आहेत, पण कॉलेजातून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या मुलींच्या मानाने या जागा मूठभरच. मुलगा खेळ सोडतो तेव्हा निदान 'का सोडलास' असं चार लोक विचारतात. मुलीने सोडला की सगळ्यांना ते ठरल्यासारखंच वाटतं. मला या गोष्टीचा तेव्हा राग यायचा, आजही येतो.

मैदान सोडवेना म्हणून मी स्पर्धांमध्ये स्कोअरर म्हणून टेबलावर बसायला लागले. खेळाडू असताना स्कोअरशीट म्हणजे सामना संपल्यावर वाकून आपले पॉइंट बघायचा कागद, एवढीच त्याची ओळख होती. लिहायला बसल्यावर त्या कागदाची खरी किंमत कळली. पहिल्या आणि तिसऱ्या क्वार्टरला लाल पेन, दुसऱ्या आणि चौथ्याला निळं किंवा काळं. साधी बास्केट झाली की रनिंग स्कोअरच्या आकड्यावर तिरकी रेघ, फ्री थ्रोला भरीव टिंब, तीन पॉइंटची बास्केट असेल तर खेळाडूच्या नंबराभोवती गोल. एका क्वार्टरमध्ये संघाचे चार फाउल झाले की पाचव्या बचावात्मक फाउलपासून समोरच्यांना दोन फ्री थ्रो मिळतात, त्यामुळे फाउलचे चौकोन भरताना हात थरथरतो. हे सगळं करताना सामना बघता येत नाही असं वाटेल, पण उलट घडतं. कुठला संघ कधी सलग आठ-दहा पॉइंट घेऊन गेला, त्याआधी कोण बाहेर गेली होती, कुणाचा चौथा फाउल झाल्यावर बचाव ढिला पडला, हे सगळं दोन रंगांत समोर उतरत असतं. प्रशिक्षक व्हायचंय म्हणणाऱ्या प्रत्येक मुलीला मी आधी टेबलावर बसायला पाठवते. जमलं तर पंचांची परीक्षाही द्यायला लावते. नियम तोंडपाठ असणं वेगळं आणि शिट्टी तोंडात असताना पाव सेकंदात ठरवणं वेगळं. ते एकदा केलं की पंचांवर ओरडण्यात वाया जाणारी ताकद वाचते.

पुढे माझ्याच जुन्या सरांनी मला सहायक म्हणून बोलावलं. सहायकाच्या कामात मला सगळ्यात जड गेलं ते बसून राहणं. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे सामन्यात मुख्य प्रशिक्षक किंवा पहिला सहायक यांपैकी एका वेळी एकालाच उभं राहता येतं. सर उभे, म्हणून मी खाली. पहिल्याच सामन्याआधी त्यांनी माझ्या हातात एक वही दिली आणि म्हणाले, "चेंडूकडे बघायचं नाही. चेंडू ज्या बाजूला असेल त्याच्या उलट्या बाजूच्या आपल्या दोघी, फक्त त्या. काय दिसतं ते लिही."

सांगायला सोपं आहे. सगळं मैदान चेंडूमागे धावत असतं, प्रेक्षक ओरडत असतात, रिंगवर चेंडू आपटल्याचा आवाज येतो आणि मान आपोआप तिकडे वळते. ती वळू द्यायची नाही. पहिल्या क्वार्टरमध्ये माझ्या वहीत फार काही उतरलं नाही. दुसऱ्यात दिसायला लागलं. चेंडू उजव्या विंगवर गेला की डावीकडच्या आपल्या दोन्ही बचावपटूंनी पेंटकडे, म्हणजे रिंगखालच्या आखलेल्या चौकोनाकडे, सरकायचं असतं, एका नजरेत चेंडू आणि एका नजरेत आपली मुलगी ठेवून. आमची एक फॉरवर्ड सरकायची, पण टाचांवर उभी राहायची आणि मान पूर्ण चेंडूकडे. समोरच्या गार्डने आमच्या गार्डला चकवून आत मुसंडी मारली की ही एक पाऊल उशिरा पोचायची. बास्केट व्हायची आणि बाकावरून सगळ्या ओरडायच्या, "अगं गार्ड कर ना नीट!" माझ्या वहीत मात्र प्रत्येक वेळी तेच लिहिलेलं होतं: फॉरवर्ड, टाचांवर, मान चेंडूकडे.

सामन्यानंतर सरांनी वही वाचली आणि मलाच म्हणाले, "तूच सांग तिला." मी तिला घेऊन रिकाम्या मैदानावर गेले, तिच्या जागी उभं केलं आणि चेंडूची जागा व तिच्या खेळाडूची जागा दोन बाटल्यांनी दाखवली. तिला दोन्ही बाटल्या मान न वळवता दिसायला हव्या होत्या. ती एक पाऊल मागे गेली, अर्धं पाऊल आत आली, आणि म्हणाली, "इथून दिसतायत." तीच तिची जागा. पुढचे कितीतरी दिवस आम्ही शेल ड्रिल घेतलं: चार विरुद्ध चार, ड्रिबल नाही, फक्त पास, आणि चेंडू हवेत असतानाच चारही बचावपटूंनी जागा बदलायची. चेंडू हातात पडल्यावर हललात तर उशीर झाला. हे ड्रिल मुलींना कंटाळवाणं वाटतं, मला मात्र ते तासन्‌तास बघायला आवडतं. नंतर एका अटीतटीच्या सामन्यात तीच फॉरवर्ड मुसंडीच्या वाटेत आधीच दोन पाय रोवून उभी होती. समोरची तिच्या छातीवर आदळली, पंचांनी ऑफेन्सिव्ह फाउल दिला आणि चेंडू आम्हाला मिळाला. त्या दिवशी तिच्या नावावर मोजून चार पॉइंट होते. माझ्या मते सामना तिने जिंकून दिला.

नव्या मुलींना शिकवायला लागल्यावर आणखी एक गोष्ट समोर आली. लेअप, म्हणजे धावत येऊन रिंगजवळून टाकायचा चेंडू, मी डोळे मिटून घालू शकत होते, पण पाऊल कुठलं आधी पडतं हे सांगायची वेळ आली तेव्हा मला स्वतःच्या पायांचा व्हिडिओ काढून बघावा लागला. उजव्या हाताचा लेअप: उजवं पाऊल लांब, डावं आखूड, डाव्यावरून उडी, उजवा गुडघा वर, चेंडू बोर्डावरच्या चौकोनाच्या वरच्या कोपऱ्याकडे. हे शेवटाकडून शिकवायचं. आधी रिंगजवळ डाव्या पायावर उभं राहून फक्त उडी आणि चेंडू. मग एक पाऊल मागून. मग दोन. ड्रिबल सगळ्यात शेवटी. लांबून पळत यायला सांगितलं की नवी मुलगी पावलं मोजण्यात अडकते आणि उंच उडी मारायच्या ऐवजी पुढे उडी मारते.

चेंडूच्या मापाबद्दल मी हट्टी आहे. महिलांचा चेंडू ६ नंबरचा, पुरुषांचा ७ नंबरचा. घेरात सुमारे अडीच सेंटिमीटरचा फरक आणि वजनातही. रिंग मात्र दोघांना सारख्याच उंचीवर, ३.०५ मीटर. सरावाला मुलांचे उरलेले ७ नंबरचे चेंडू मुलींना दिले जातात हे मी खेळाडू म्हणूनही पाहिलं आणि नंतरही. मोठा चेंडू छोट्या हातात दिला की मुलगी तो मनगटाने सोडण्याऐवजी खांद्यातून ढकलते, कोपर बाहेर जातं आणि ती सवय सुटता सुटत नाही. लहान मुलांच्या मिनी बास्केटबॉलमध्ये चेंडू ५ नंबरचा आणि रिंग २.६० मीटरवर असते ती याच कारणासाठी. आधी बरोबर हालचाल, मग अंतर. मुख्य प्रशिक्षक झाल्यावर मी मागून घेतलेली पहिली वस्तू म्हणजे ६ नंबरचे चेंडू.

मुख्य प्रशिक्षक झाले तेव्हा संघातल्या काही मुली मी सीनियर असताना ज्युनियर म्हणून माझ्याबरोबर खेळलेल्या होत्या. एकाच बसमधून गेलेलो, एकमेकींचे बूट घातलेले. त्यांना बाकावर बसवायचं कसं, हा प्रश्न मला रात्री झोपू देत नसे. अशा वेळी मी अमेरिकेतल्या प्रशिक्षक पॅट समिट यांच्याबद्दल वाचलं. १९७४ मध्ये त्या टेनेसी विद्यापीठाच्या महिला संघाच्या मुख्य प्रशिक्षक झाल्या तेव्हा वय २२, खेळाडूंपेक्षा जेमतेम मोठ्या. १९७६ मध्ये महिला बास्केटबॉल पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं तेव्हा त्या अमेरिकेकडून खेळल्या आणि रौप्यपदक घेऊन आल्या. १९८४ मध्ये त्याच देशाच्या संघाला प्रशिक्षक म्हणून सुवर्ण मिळवून दिलं. निवृत्त झाल्या तेव्हा नावावर १,०९८ विजय आणि ८ राष्ट्रीय अजिंक्यपदं होती. डॉन स्टेली तर २००० पासून टेंपल विद्यापीठाच्या संघाला शिकवत असतानाच डब्ल्यूएनबीएमध्ये खेळतही होत्या. या दोघींचा मला फार मोठा आधार वाटला. मी एक नियम ठरवला: कोण खेळणार, कोण बसणार हे सामन्याआधी त्या त्या मुलीला एकटीला भेटून, कारणासकट सांगायचं. १२ जणींची निवड असेल तेव्हाही तसंच. यादी भिंतीवर लावून निघून जायचं नाही. वगळलेल्या मुलीसमोर बसून, तिला काय कमी पडलं आणि ते कसं भरून काढायचं हे सांगणं हे या कामातलं सगळ्यात कठीण काम आहे, आणि ते दुसऱ्या कुणाकडून करून घेता येत नाही.

गुडघ्यांविषयी लिहिल्याशिवाय राहवत नाही. कॉलेजात माझी एक मैत्रीण रिबाउंड, म्हणजे रिंगवरून परतलेला चेंडू, घेऊन खाली आली, तिला कुणाचा धक्काही लागला नव्हता, आणि गुडघा आत वळला. एसीएल, म्हणजे गुडघ्याला आतून धरून ठेवणारा अस्थिबंध, फाटला. ती पुन्हा स्पर्धेत खेळली नाही. उडी आणि अचानक दिशा बदलणं असलेल्या खेळांत मुलींना ही दुखापत मुलांपेक्षा कितीतरी जास्त होते, आणि बहुतेक वेळा ती कुणाच्याही धक्क्याशिवायच होते. उतरताना गुडघे एकमेकांकडे झुकणं, पाय ताठ ठेवून उतरणं, कंबर-मांड्यांत ताकद कमी असणं, ही तिची कारणं बऱ्याच अंशी शिकवून बदलता येतात. म्हणून आमच्या सरावाची पहिली पंधरा-वीस मिनिटं चेंडू बाहेर काढलाच जात नाही. एका पायावर तोल, बाजूला उड्या, स्क्वॉट, आणि उतरताना आवाज न करता उतरणं. मी डोळे मिटून ऐकते; धप्प आवाज आला की ती मुलगी पुन्हा. नव्या मुली कुरकुर करतात. मी ऐकत नाही.

टाइमआउट हा प्रकार बाहेरून बघणाऱ्यांना प्रशिक्षकाच्या कामाचा कळस वाटतो. पहिल्या अर्ध्यात दोन, दुसऱ्या अर्ध्यात तीन, प्रत्येक एका मिनिटाचा, आणि पन्नासाव्या सेकंदाला टेबलावरून भोंगा. पहिली पंधरा सेकंदं मी काहीच बोलत नाही. त्यांना पाणी पिऊ देते, श्वास बसू देते, कारण नाडी इतकी जोरात चालू असताना कानात शब्द शिरत नाहीत. मग बोर्डावर एकच गोष्ट. शेवटी कुणीतरी एकीने ती परत म्हणून दाखवायची. त्यासाठी मी बहुतेक वेळा चेंडूपासून सगळ्यात लांब उभ्या राहणार असलेल्या मुलीला विचारते.

एका गोष्टीची मला काळजी आहे. अमेरिकेत १९७२ मध्ये सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला बंदी घालणारा टायटल नाइन कायदा आला. तेव्हा तिथल्या कॉलेजांच्या महिला संघांना शिकवणाऱ्यांत ९० टक्क्यांहून जास्त स्त्रिया होत्या. कायद्याने महिला खेळांना पैसा मिळाला, मान मिळाला, खेळणाऱ्या मुली कित्येक पटींनी वाढल्या, आणि पुढच्या काही दशकांत स्त्री प्रशिक्षकांचं प्रमाण निम्म्याच्याही खाली गेलं. बास्केटबॉलची अवस्था त्यातल्या त्यात बरी. पगार मिळू लागला तशी ती पदं पुरुषांनाही हवीशी झाली, आणि निवड करणारे बहुतेक पुरुषच होते. चांगले पुरुष प्रशिक्षक असतात, मला घडवणारे सरच होते. पण मुलीने समोर एकही बाई शिकवताना पाहिली नाही, तर हे आपलंही काम असू शकतं हे तिला सुचणार कुठून? म्हणून शेवटच्या वर्षाच्या मुलींपैकी ज्यांना आवड आहे त्यांना मी आधीच्या वर्षापासूनच कामं देते. कुणी सराव आखते, कुणी व्हिडिओ कापते, कुणी नव्या मुलींचा लेअप घेते. गेल्या काही वर्षांत त्यातल्या काहीजणी शाळांच्या संघांना शिकवू लागल्या आहेत.

सध्या माझ्या डोक्यात पुढचा मोसम आहे. आमच्या दोन्ही उंच मुली कॉलेज संपवून गेल्या आणि आता रिंगखाली चेंडू मागणारी सेंटरच नाही. म्हणून पाचही जणींना तीन पॉइंटच्या रेषेबाहेर उभं करून खेळायचं ठरवलंय. २०१० मध्ये ही रेषा ६.२५ वरून ६.७५ मीटरवर गेली, त्यामुळे पाच जणी तिच्याबाहेर पसरल्या की पेंट मोकळा पडतो. पास दिला की आत कट मारायची, चेंडू नाही मिळाला तर रेषेबाहेरची रिकामी जागा भरायची, आणि ती जागा सोडणारीने पुढची. एक जण जरी पास देऊन उभी राहिली तर सगळं चक्र अडतं. सरावाचा पहिला आठवडा आम्ही हे चेंडूशिवाय चालत करणार आहोत, दुसऱ्या आठवड्यात चेंडू येईल. कॅप्टनला आराखडा दाखवला तर ती म्हणाली, "ताई, आठवडाभर चेंडूशिवाय? मुली वैतागतील." मी तिला सांगितलं, पहिल्या दिवशी तू पुढे चाल.